गिलासातलं ब्लेड

आमच्या अप्पांची एक दाढी राहून गेली. माणूस गेला की काही ना काही मागं राहतंच. कुणाचं काशीला जाणं राहतं, कुणाचं नातवंडाचं तोंड बघणं. अप्पांची दाढी राहिली, आणि ती माझ्यामुळं राहिली. ते गेल्यावरही सकाळच्या पारी आमच्या परसातून ब्लेड घासल्याचा आवाज यायचा. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मी त्या आवाजात चार महिने काढलेत, मला काही हसू येत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर बसवर कंडक्टर. आळंदहून उमरग्याला, कधी अक्कलकोटला. दारात उभं राहून कन्नडमधून हाका मारायचे, आत येऊन मराठीतून तिकिटं फाडायचे आणि भांडण लागलं की दखनी उर्दूत शिरायचे. चेहरा मात्र रोज लख्ख. म्हणायचे, पॅसेंजर तिकीट बघायच्या आधी कंडक्टरचं तोंड बघतंय. रोज दाढी म्हणजे रोज ब्लेड लागणार, आणि ब्लेड टाकून द्यायचं म्हटलं की यांच्या जिवावर यायचं. चिक्कू होते म्हणावं तर तसंही नाही. स्टँडवर भेटेल त्याला चहा पाजणारा माणूस. पण काम करणारी वस्तू अर्ध्यात सोडायची नाही, हे त्यांच्या अंगातच होतं.

त्यांची रीत अशी. हॉटेलात मिळायचा तसा चहाचा जाड काचेचा गिलास, बाहेरून रेघा, आतून गुळगुळीत. आतून ओला हात फिरवायचा. ब्लेड आतल्या बाजूला टेकवायचं, मधल्या बोटानं बरोबर मध्यावर दाबायचं आणि काचेच्या गोलाईवर मागं-पुढं घासायचं. एक बाजू वीसदा, दुसरी वीसदा. किर्र, किर्र. झोपेत कोणी दात खाल्ल्यावाणी आवाज. मग कंडक्टरच्या चामडी बॅगेचा जुना पट्टा खुंटीला ताणून त्यावर दहा हात, तेही धार मागं ठेवून. धार पुढं केली की पट्टाही गेला आणि ब्लेडही. दाढी झाली की ब्लेड पाण्यात बुडवून झटकायचं, फडक्यानं पुसायचं नाही. उन्हात वाळलं की करडीच्या तेलाचं एक बोट लावायचं आणि कागदात गुंडाळून ठेवायचं. असं एक ब्लेड दोन-अडीच महिने चालवायचे. मी कॉलेजात असताना एकदा त्यांची नक्कल करायला गेलो आणि बोट कापून बसलो. तेव्हा म्हणाले होते, "ब्लेड केसानं मरत न्हाई बाबा, पाण्यानं मरतंय. अन् घाईनं."

घाईचं मला उद्देशूनच होतं. मी आहेच तसा. नाकाच्या शेंड्यावर राग, आणि कुठल्याही कामात दम म्हणून नाही.

आमच्याकडं अवसेला तोंडाला लोखंड लावत नाहीत. दाढी नाही, केस नाहीत, नखंसुद्धा नाहीत. आता कंडक्टरला अवसेला काय सुट्टी असते होय? पण अप्पांनी त्यावरही वाट काढली होती. उमरग्याहून दरसाल मराठी कॅलेंडर आणायचे, ते परसदाराच्या भिंतीला. महिन्याच्या काळ्या ठिपक्याखाली अवस किती वाजता लागते ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा लावून ते वाचायचे आणि म्हणायचे, अवस म्हणजे दिवस न्हाई, टायम हाय; गाडी सुटायच्या आत चढला तो चढला. सात चाळीसला अवस लागणार असेल तर हे सात वाजता तोंडाला साबण लावून तयार.

मायला, म्हणजे आईला, ते पटायचं नाही. मायला अक्षरं येत नाहीत. आकडे मात्र अप्पांनीच शिकवलेले, लग्नानंतर, उरलेल्या तिकिटांच्या गठ्ठ्यावरून. तेच आकडे दाखवून अप्पा तिला म्हणायचे, हे बघ, वाच की, अजून येळ हाय. ती वाचायची, बरोबर वाचायची, आणि म्हणायची, आकडे खरं असतील, पण अवस ती अवस. दर महिन्याला हे भांडण ठरलेलं. भांडत भांडत ती गरम पाणी आणून द्यायची.

मग अप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला डावा हात आणि डोळे. परसातल्या कडुलिंबाखाली बाज टाकली होती, दिवसभर तिथंच. दवाखान्यातून आल्यावर आठव्या का नवव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं गाल चोळून दाखवला. मला कळलं. मी न्हाव्याला बोलवतो म्हणालो तर मान हलवली. मग मीच त्यांचं दाढीचं मशीन काढलं आणि नव्या ब्लेडचं पाकीट फोडलं. त्यांनी तोंड फिरवलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. गिलास आणून दिला तेव्हा कुठं थंड झाले. गुडघ्यांच्या मध्ये गिलास धरायचे आणि डाव्या बोटानं ब्लेड घासायचे. ज्याला घास नीट तोंडात घालता येत नव्हता, तो माणूस ब्लेड घासताना एकदाही चुकला नाही. अर्धा अर्धा तास चालायचं. तेवढंच एक काम त्यांना उरलं होतं.

आणि मी? मी साबणाचं भांडं हातात धरून आतल्या आत जळायचो. कामं पडलेली असायची. एकदा चार्जिंगचं मशीनही आणलं, गुर्र करून दोन मिनिटांत दाढी. त्यांनी ते हातानं असं ढकललं की बाजेखाली जाऊन पडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण आजाऱ्यापुढं काय बोलणार.

पण दाढी करायला बसलो की राग जायचा, हेही खरं. चांगल्या बाजूला ते स्वतः जिभेनं गाल आतून फुगवून धरायचे. मेलेल्या बाजूला मला बोटानं कातडी ताणावी लागायची. ते डोळे मिटून घ्यायचे. आम्ही बाप-लेक कधी गळ्यात पडणारे नव्हतो. बापाच्या गालाला हात लावला तो जन्मात एवढाच. एक दिवसाआड, नऊ महिने.

त्या साली मार्गशीर्षात तुरीची रास माझ्या डोक्यावर बसली. मळणीचं मशीन आज येतो म्हणायचं आणि उद्या यायचं. तूर कापून पडलेली, ढग आलेले, मजूर मिळेना. पहिल्या दिवशी अप्पांनी गाल चोळला, मी म्हणालो, उद्या करू. दुसऱ्या दिवशीही उद्याच. चौथ्या दिवशी तर त्यांच्याकडं न बघताच शेतात गेलो. पाचव्या दिवशी येळवस होती.

आमच्या भागातल्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या अवसेला गाव रिकामं होतं. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील खायची. दुकानं बंद, हॉटेलं बंद, कुत्रीसुद्धा माणसांमागं शेतात जातात.

त्या सकाळी मी उठलो तेव्हा परसात किर्र किर्र चाललेलं होतं. अप्पा लवकरच बाजेवर टेकून बसलेले, मांडीवर पंचा, गुडघ्यात गिलास. पाच दिवसांचे पांढरे खुंट तोंडभर. मी आंबिलीची कळशी गाडीला बांधत होतो. बायको भज्जीचं पातेलं घेऊन उभी. मी जवळून गेलो तसं त्यांनी ब्लेड वर धरून दाखवलं. तयार आहे, म्हणून.

मी मायकडं बघितलं. माय चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "आज अवस हाय. अवसंचं लोखंड लावू नगंस तोंडाला. उद्या कर."

मला तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, ऐकलाव ना अप्पा, उद्या. तसं त्यांनी डावा हात उचलून भिंतीकडं बोट केलं. कॅलेंडरकडं. मी म्हणालो, व्हय अप्पा, आज येळवसच हाय. त्यांनी मान हलवली, जोरात, आणि परत बोट केलं. तोंडातून आवाज निघत होता, शब्द निघत नव्हता. मग बाजेच्या लाकडावर हात आपटला. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "लहान लेकरावाणी हट्ट कामून करायलाव? उद्या करतो म्हणलं ना एकदा." आणि गाडीला किक मारली. मी त्यांना बोललेलं हे शेवटचं.

शेतात पूजा झाली. पहिला घास तोंडात घातला असेल नसेल, तोवर घरी थांबलेल्या मायचा फोन आला. ये, एवढंच म्हणाली. दुसरा झटका होता. मी पोचलो तेव्हा ते बाजेवर आडवे होते आणि गिलास जमिनीवर, न फुटलेला.

दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. आंघोळ घालताना मी म्हणालो, यांची दाढी करायची राहिली. न्हावी गावात नव्हता, तो कुणाच्या तरी शेतात जेवायला गेलेला. मी करतो म्हणालो आणि मशीन आणायला उठलो, तर माझ्या चुलत्यांनी दंड धरला. म्हणाले, येडा झालास का, अवस लागलीय. जिवंत माणसाला चालत न्हाई ते मेलेल्याला चालतंय होय? जन्मभर ज्या माणसानं खुंट दिसू दिला नाही, तो तसाच गेला. हारातल्या फुलांतून ते पांढरे खुंट दिसत होते. ते मला अजून दिसतात, हारच काय, नुसता झेंडू दिसला तरी दिसतात.

दहाव्याला विहिरीच्या काठावर न्हाव्यानं मला समोर बसवलं. त्यानं कोरं ब्लेड काढलं, मोडून दोन तुकडे केले, एक वस्तऱ्यात घातला. डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवलं आणि तो तुकडा चिखलात टाकून दिला. एका माणसासाठी अर्धं ब्लेड, आणि तेही एकदाच. मला तिथं जे रडू फुटलं ते थांबेना. लोक म्हणाले, आता बाहेर पडायलंय, रडू द्या. त्यांना काय माहीत मी कशासाठी रडत होतो. बापाची दाढी न करणाऱ्याची दाढी करायला अख्खं गाव जमलं होतं.

त्यानंतर मी ब्लेड तोंडाला लावलंच नाही.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी. नुकतं उजाडलेलं, मी अंथरुणात. परसातून किर्र, किर्र. वीसदा, मग थांबून परत वीसदा. मी मोजत होतो. उठून जावं एवढा जवळ आवाज, पण मी अंथरुणातच पडून राहिलो. वाटलं, ते बसलेत, गुडघ्यात गिलास धरून, आणि मी गेलो तर ब्लेड वर करून दाखवतील. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मिक्सर चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी मी धीर करून गेलो तेव्हा परसात कोणी नव्हतं. गिलास कोनाड्यात पालथा घातलेला होता आणि त्याच्या कडेला पाणी होतं.

त्यात मी अजून एक करून बसलो. नवीन साल लागून गेलं होतं, भिंतीवर जुनंच कॅलेंडर होतं. काढायला गेलो. वरचं पान तेच. काळ्या ठिपक्याखाली बारीक अक्षरात होतं, अमावास्या प्रारंभ सकाळी १०-४०. मी गाडीला किक मारली तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते.

अप्पा मला तारीख विचारत नव्हते. ते मला टायम दाखवत होते. पावणेतीन तास. दाढीला लागतात पंधरा मिनिटं. लहानपणापासून दर महिन्याला हे भांडण ऐकत वाढलेला मी, आणि मला त्यांचं बोट कळलं नाही. बैल गेला अन् झोपा केला. पण माझा बैल तर दावणीलाच उभा होता, मीच लाथ मारून हाकलला. तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.

मग एकच विचार आला, हे मायला कळता कामा नये. नको म्हणणारी ती होती. तिला आकडे येतात. तिनं हे वाचलं तर ती उरलेला जन्म त्यातच घालवेल. मी कॅलेंडरची गुंडाळी केली आणि ज्वारीच्या कणगीमागं खुपसली. भिंतीवर नवं लावलं. चार महिने कणगीपाशी कोणी गेलं की माझा जीव वर-खाली व्हायचा.

आवाज थांबला नाही. माझी दाढी वाढत गेली. बायको म्हणायची, मठात जाऊन बसायचा इचार हाय का? लोक म्हणायचे, बापाचं लई मनाला लावून घेतलंय. दाढीत पांढरे केस निघाले. आरशात बघितलं की हारातलं तोंड दिसायचं, म्हणून आरशात बघणं सोडलं.

शेवटी एका सकाळी मी आवाज सुरू व्हायच्या आधीच मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बाज होती तिथं माय जमिनीवर बसली होती. गुडघ्यात गिलास, हातात ब्लेड. वीसदा ही बाजू, वीसदा ती. मग पट्ट्यावर दहा हात, धार मागं. मग तेलाचं बोट, मग कागद. अप्पांपेक्षा हळू, पण हात तोच. मला वाटलं होतं भीती जाईल. गेली नाही. मी विचारलं, हे कामून करायलीस माय? ती दचकली नाही. म्हणाली, गंजून जाईल म्हणून.

चैत्रातल्या अवसेची सकाळ. मी तोंड धुऊन परसात आलो तर लिंबाखाली बाज टाकलेली. बाजेवर पंचा. खाली तांब्यात गरम पाणी, साबणाचं भांडं, ब्रश, मशीन, आणि कागदावर ते ब्लेड. लिंबाच्या खिळ्याला अप्पांचा आरसा. माय बाजूला उभी.

"बस," म्हणाली.

मी म्हणालो, माय, आज अवस हाय.

"नऊ पाचला लागतीय. आता आठ वाजून गेलेत. अजून येळ हाय."

हे तिच्या तोंडून मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. हे अप्पांचं बोलणं होतं. मी बसलो, पंचा गळ्याशी घेतला. तिनं स्वतः ब्रश फिरवून फेस केला आणि माझ्या हातात दिला. एवढी दाढी ब्लेडला पेलणार नव्हती, म्हणून आधी कात्रीनं खाली आणली. मग ब्लेड घातलं. चार महिने रोज घासलेलं आणि एकदाही न वापरलेलं ब्लेड. गालावरून गेलेलं कळलंसुद्धा नाही. फेस उतरत गेला आणि खालून अप्पांची हनुवटी निघाली, तीच खळी, तसाच जबडा. माय आरशाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. एक गाल झाला तशी तिनं हात लावून बघितलं, उलट्या बाजूनं, खुंट लागतो का म्हणून.

वाटलं आता सांगून टाकावं, कणगीमागचं. पण कसं सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली.

"कॅलेंडर लपवून काय करायलास? उंदरं खातील ते."

मी मशीन खाली केलं.

"मी त्याच दिशी वाचले होते आकडे," माय म्हणाली. "तू उठायच्या आधी. त्यांनी मला बी बोट करून दाखवलं होतं. दहा चाळीस."

ती रडली नाही. तांब्यातलं पाणी माझ्याकडं सरकवलं, एवढंच. माझा अर्धा गाल साबणाचा होता. आत घड्याळात आठ पस्तीस झाले होते. अवस लागायच्या आत मी दुसरा गाल केला.